सकाळच्या नऊ टॅक्सी

हॅलोबेक, १२ जानेवारी

चि. क्लिफर्ड यास एनिडताईचे अनेक आशीर्वाद.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिते आहे, हसू नकोस. कागद चांगला जाड आहे.

माझ्या ज्युडिथला जिल्हा परिषदेचं पत्र आलं आहे. तिचा रुफस, माझा नातू, आता नऊ वर्षांचा झाला, तरी अजून बोलत नाही. रोज सकाळी परिषदेची टॅक्सी त्याला तीस मैलांवरच्या खास शाळेत नेते, सोबत सांभाळणारी बाई असते. आता लिहितात की खास शिक्षणाच्या खात्यात फार तूट आली आहे, तेव्हा ईस्टरनंतर पालकांनीच मुलाला पोचवावं. ज्युडिथ पहाटे बेकरीत कामाला जाते, घरी गाडी नाही. टॅक्सी गेली म्हणजे शाळाच गेली. त्या शाळेमुळे पोरगा आपल्या हाताने जेवायला शिकला रे.

तूट किती, तर चार कोटी तीस लाख पौंड! मी शाळेपुरती शिकलेली, चॅपलच्या चहाफंडाचा हिशेब ठेवणारी बाई. आकडा वहीत लिहून पाहिला. रागावायला बसले होते, ते विसरून नुसती बघत राहिले. तू तीस वर्षं तुमच्याकडच्या परिषदेच्या हिशेबात काढलीस. एवढं भगदाड पडतं कसं आणि बुजतं कसं, ते सांग.

गुडघ्याला जप. आठवण ठेवतोस तशी ठेव.

तुझी,
एनिडताई

---

२० जानेवारी

ती. एनिडताईस क्लिफर्डचा शि. सा. न.

तुझं डिसेंबर महिन्याचं पान पोचलं. मागच्या चित्रातल्या मेंढ्या तुझ्या अक्षरापेक्षा सुबक आहेत.

मुलाची गरज एकदा त्याच्या शिक्षणाच्या आराखड्यात लिहिली गेली की कायद्याने ती पुरवावीच लागते. सरकारी पैसा तिच्या मागून धापा टाकत येतो. गावात सोय नाही म्हणून लांबची महागडी शाळा, आणि शाळा लांब म्हणून टॅक्सी. तूट वेगळ्या वहीत ठेवायची मुभा आहे. पाहुणे आले की आई पसारा पलंगाखाली सारायची, तसंच हे.

एक गोष्ट तुला कधी बोललो नाही. नोकरीत असताना एका गावच्या शाळेतला अशा मुलांचा खास वर्ग मी बंद करवला. सहा मुलं होती, दोन शिक्षिका. कागदावर नव्वद हजारांची बचत दिसली, साहेबांनी पाठ थोपटली. पुढच्या वर्षी त्याच सहा मुलांच्या लांबच्या शाळांवर नि टॅक्सींवर साडेतीन लाख गेले. पण ते दुसऱ्या विभागाच्या वहीत, म्हणून मला कोणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

परिषदेच्या सभेत जाऊन प्रश्न विचार, पण रडू नकोस ताई, रडणं त्यांनी पुष्कळ पाहिलंय. प्रश्न आधी लेखी दे, बोलायला तीन मिनिटं मिळतील. टॅक्सी वाचवा म्हणू नकोस. हॅलोबेकमधून अशी किती मुलं बाहेर जातात, ते विचार. नावं गोपनीय म्हणून ते सांगणार नाहीत. तूच शोध.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
क्लिफर्ड

---

हॅलोबेक, ३ मार्च

चि. क्लिफर्ड यास अनेक आशीर्वाद.

तीन सकाळी थर्मास घेऊन बेकरीसमोरच्या चौकात उभी राहिले. नऊ टॅक्सी, क्लिफर्ड! प्रत्येकीत एक मूल आणि एक बाई. सोबतच्या बायका तोंडाला कुलूप लावलेल्या. एक म्हणाली की मुलाचं नाव ती नवऱ्यालासुद्धा सांगत नाही.

मग चॅपलच्या फलकावर लिहिलं: ज्यांच्या दारातून सकाळी टॅक्सी जाते, त्यांनी गुरुवारी चहाला यावं. कोणी येणार नाही म्हणून स्कोन बाराच भाजले, आणि नऊही घरं आली. आमच्याच गल्लीतली, सात दारं पलीकडची रुखसाना समोसे घेऊन आली. अशी मुलगी गल्लीत आपलीच एकटी, असं ती तीन वर्षं समजत होती. ज्युडिथही रुफसबद्दल तेच समजत होती. मी मनात प्रभूची क्षमा मागितली. शेजार ओळखते म्हणून मिरवायचे मी!

काल परिषदेच्या सभेत उभी राहिले. हॅलोबेकमधून नऊ मुलं बाहेर जातात, त्यांचा एकंदर खर्च किती, हा प्रश्न वाचला. खजिनदार बाईंनी कागद पुढे ओढले. मग म्हणाल्या की या नऊ फायली चार अधिकाऱ्यांकडे आहेत, त्या शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिल्याच नव्हत्या. परवा तुमचा प्रश्न आला तेव्हा पहिल्यांदा बेरीज केली, वर्षाला सहा लाख चाळीस हजार. मी म्हटलं, मग एवढ्या पैशात या नऊ मुलांचा खास वर्ग गावातच भरवा.

अध्यक्ष ऑर्मरॉडसाहेबांनी टोमणा मारला की वर्ग काय माझ्या चॅपलच्या स्वयंपाकघरात भरवणार? मी म्हटलं, तिथे नको, तिथे इतके चहा पिऊन तुम्ही आजवर एक कप विसळलेला नाही. चॅपलचं रविवारशाळेचं दालन गावच्या शाळेच्या भिंतीला लागून आहे, तिथे आता तीनच मुलं येतात, ते घ्या. तेही हसले. सप्टेंबरपासून वर्षभर खास वर्ग चालवून पाहायचं ठरलं, शिक्षिका लांबच्या शाळेतून येतील, आणि तोवर टॅक्सी बंद होणार नाही.

तीनेक लाख वाचतील म्हणतात. चार कोटींच्या पुढे ते काय! पण तुझी सहा मुलं मला सारखी आठवत होती, म्हणून बोलू शकले. उगीच मनाला लावून घेऊ नकोस.

आहेस तसाच माझा राहा.

एनिडताई

---

हॅलोबेक, ५ सप्टेंबर

चि. क्लिफर्ड यास अनेक आशीर्वाद.

काल वर्ग सुरू झाला. रुफस नव्या खोलीत पाऊल टाकत नाही, हे तुला माहीतच आहे. ज्युडिथ रात्रभर झोपली नव्हती. हा आत गेला नाही, तर पुढे काय?

दालनाच्या काचेच्या दाराशी तो थबकला. आत रुखसानाची सफिया होती. ती दाराशी आली आणि तिने काचेला तळहात लावला. रुफसने बाहेरून त्यावर आपला तळहात ठेवला. दोघंही हलेनात.

मागे ती टॅक्सीतली बाई उभी होती, नवऱ्यालाही नाव न सांगणारी. ती रडायलाच लागली. म्हणाली, तीन वर्षं रोज चौकातल्या सिग्नलला या दोघांच्या टॅक्सी शेजारी थांबायच्या, आणि ही दोघं खिडक्यांतून असेच हात लावून बसायची. सांगायची सोय नव्हती म्हणून कोणाला बोलले नाही.

रुखसाना दार उघडायला पुढे झाली, मी तिचा हात धरून तिला थांबवलं.

टॅक्सीचं दार मुलांना आतून उघडता येत नाही. रुफसने या दाराची मूठ हाताने चाचपली, थोडी फिरवून पाहिली, आणि आत गेला.

आजही गेला. लोभ आहेच, तो असाच वाहता ठेव.

तुझी,
एनिडताई