रविवारचं बीपी

अहो,

जेवण झाकून ठेवलंय. मीठ कमी आहे, वरून घेऊ नका.

मी पलीकडच्या दवाखान्यात तुमचा नंबर लावायला जातेय. तुमच्या हॉस्पिटलात नाही. तिथे मोठे साहेबच रांगेत दिसले तर बरं दिसणार नाही, एवढं मला कळतं.

पेन शोधताना तुमची बीपीची वही हाती लागली. डॉक्टरांनी रोज सकाळी मशीन लावून आकडा लिहायला सांगितलाय, तीच. आज मंगळवार. वहीत येत्या रविवारपर्यंतचे आकडे भरलेले आहेत. मशीनमधले सेल तर गेल्या महिन्यातच मी भिंतीवरच्या घड्याळाला घातले होते. तुम्हाला पत्ताही नाही.

वॉर्डातल्या त्या सिस्टरने पेशंटच्या तक्त्यात असेच पुढचे आकडे भरले, तेव्हा तुम्ही तिला घरी बसवलंत. "माणसाच्या जिवाशी खेळ आहे हा," असं इथेच जेवताना म्हणाला होतात. मला तेव्हा तुमचा अभिमान वाटला होता.

काल तुम्ही जिन्यात कठडा धरून उभे होतात, ते मी वरून पाहिलं. हाक मारली नाही. मारली असती तर हसत वर आला असतात.

साडेअकराला या. ड्रायव्हरला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. सेल परत मशीनमध्ये घातलेत, म्हणून घड्याळ बंद आहे.

रविवारच्या रकान्यात तुम्ही १२८/८० लिहिलंय. आकडा काही का येईना, त्या दिवशी पट्टा गुंडाळायला तुमचा हात असू दे.

— मी