आवाज न येणारा वर्ग

दि. ४ जुलै

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून तू चिडणार आहेस, म्हणून आधी पाणी पी. विषय तुझ्या लेकीचा आहे.

साथीत शाळा बंद राहिल्या आणि मुलं वाचायचं विसरली. ते भरून काढायला सरकारने शाळांना अनुदान दिलं. त्यातून आम्ही शाळा सुटल्यावर जादा वर्ग सुरू केला आणि तो मी मुंगीला दिला. तेव्हापासून मी स्टाफरूममध्ये शिरलो की सगळ्यांना एकदम चहात काहीतरी दिसायला लागतं. मामा मुख्याध्यापक, पैसा सरकारचा, मग भाचीला काय कमी, असं हेडक्लार्क म्हणत असल्याचं शिपायाने सांगितलं.

ते मी सोडून दिलं असतं. पण ताई, त्या वर्गातून आवाजच येत नाही. आमच्या एका मास्तरांना मुलं ढोलमास्तर म्हणतात. ते पाढे घेतात ते फाटकापर्यंत ऐकू येतात. मुंगीच्या खोलीचं दार मात्र लोटलेलं, खिडकीवर जुना नकाशा टांगलेला आणि आत चिडीचूप. वाचनाचा वर्ग आणि वाचल्याचा आवाज नाही? कुठेतरी पाणी मुरतंय. विचारलं तर म्हणते, मामा, चाललंय हो व्यवस्थित.

महिनाअखेरीला तपासणीला साहेब येणार. त्यांना वर्ग पटला नाही तर अनुदान थांबेल आणि मुलं आहेत तिथेच राहतील. खरं सांग, मुंगीचं लक्ष ठिकाणावर आहे ना?

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर धाड.

तुझा
धाकटा


दि. १० जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पाणी प्यायले. तरी चिडले.

लेक माझी आहे म्हणून तिची बाजू घेणार नाही. आपला तो बाब्या हा प्रकार मी कधी केला नाही. दार लोटून, खिडकी झाकून कुणी शिकवलेलं मीही उभ्या नोकरीत पाहिलं नाही. माझ्या वर्गाचा आवाज जरा थांबला की शेजारच्या बाई डोकावायच्या, काय गं, बरी आहेस ना म्हणून. गेल्या महिन्यात मुंगी इकडे आली होती, तर रविवारी सकाळी फोन घेऊन गॅलरीत गेली ती कितीतरी वेळ आलीच नाही. कोण म्हणून विचारलं तर म्हणाली, वर्गातली मुलगी आहे. सुट्टीच्या दिवशी विद्यार्थिनीला बाईंशी एवढं काय बोलायचं असतं? तेव्हा गप्प बसले. तुझं पत्र आल्यापासून मनात पाल चुकचुकतेय.

पण मला संशय तुझाही येतो. मुलांचं नुकसान राहिलं बाजूला, तुला तुझ्या नावाला बट्टा लागायची धास्ती जास्त. बाहेर उभं राहून कान कसले लावतोस? आत जाऊन बस. आणि हो, तुझ्या लेकाने हौसेने आणलेलं कानाचं मशीन अजून खणातच पडलंय म्हणे. तुझी बायको सांगत होती, टीव्ही इतका मोठा लावतोस की शेजाऱ्यांना बातम्या फुकट मिळतात.

माझ्या लेकीला उगाच टोचून बोलू नकोस. बोलायचंच झालं तर आधी मला कळव.

तुझी
ताई


दि. २२ जुलै

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मशीनचा विषय नको. ते शिट्टी मारतं. मुख्याध्यापकाच्या कानात यंत्र दिसलं की पोरं दुसऱ्याच दिवशी नाव ठेवतील, आणि ढोलमास्तर आत्तापासूनच माझ्या खुर्चीकडे डोळे लावून आहेत. मला नीट ऐकू येतं. लोकच हल्ली पुटपुटतात.

तू म्हणालीस म्हणून आत गेलो. मुलं पुस्तकात डोकं घालून बसलेली आणि मुंगी कोपऱ्यात एका मोठ्या मुलीच्या डोक्याला डोकं लावून. ओठ हलताना दिसले, शब्द एक नाही. गप्पाच त्या, दुसरं काय. मी त्या मुलीला उभं केलं. म्हटलं, साहेबांसमोर वाचायचंय, मोठ्याने वाच. तिने पुस्तक उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि दगडासारखी उभी राहिली. दुसऱ्याला उठवलं, तोही तसाच. शेवटी ती मुलगी दप्तर उचलून चालती झाली. मुंगी पांढरीफटक पडली होती. ती फळा पुसत राहिली. फळ्यावर काही लिहिलेलंही नव्हतं.

इतके महिने अनुदान चाललंय आणि मुलांना एक ओळ येत नाही. मुलांच्या तोंडचा घास कुणी खाल्ला, हे मी भाचीला कसं विचारू? सोमवारपासून वर्ग ढोलमास्तरांना दिला. आता खोलीतून आवाज येतो.

हे वाचून पत्र फाडलंस तरी भावाला टाकू नकोस.

तुझा
धाकटा


दि. २६ जुलै

ती. स्व. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

समोर बोलले असते तर तुम्ही मध्येच काय, काय म्हणून विचारलं असतंत आणि मला रडू फुटलं असतं. म्हणून लिहिते. आईचंही पत्र आलंय. मी काहीतरी लपवतेय असं तिला वाटतं. लपवत होतेच.

तुम्ही जिला उभं केलंत, ती शाळा बंद झाली तेव्हा नुकती अक्षरं जोडायला लागली होती. शाळा उघडली तेव्हा तिला सरळ वरच्या वर्गात बसवलं. तिचा धाकटा भाऊ घडाघडा वाचतो आणि हिला हसतो. तिने वर्गात तोंड उघडायचंच सोडलं. वर्गातल्या बहुतेकांची हीच गत. म्हणून मी सगळ्यांना शब्द दिला की इथे जे वाचाल ते फक्त माझ्या कानात. चुकलात तर मला कळेल, दुसऱ्या कुणाला नाही. दार त्यासाठी लोटलं, नकाशा त्यासाठी टांगला. रविवारी ती जिन्यात बसून मला फोनवर वाचून दाखवायची. परवापरवा तिने अख्खं पान वाचलं. तुम्हाला कधी सांगते असं झालं होतं, पण तिला न विचारता सांगणं म्हणजे शब्द मोडणं. तो तुम्ही मोडलात.

आणि मामा, खोली चिडीचूप नव्हती हो. सगळे कुजबुजत वाचायचे. त्या गुणगुणीचा त्रास होतो अशी शेजारच्या खोलीत वह्या तपासत बसणाऱ्या बाईंची तक्रार होती. तुम्हाला ती कधी ऐकूच आली नाही.

तुमचं मशीन खणात का आहे, हे मला ठाऊक आहे. लोक हसतील म्हणून. या मुलांचंही वाचणं तसंच खणात पडलं होतं. ढोलमास्तरांच्या वर्गाला निम्मी मुलं येत नाहीत. मला वर्ग परत देऊ नका हवं तर, पण त्या मुलीला आणा.

उलट बोलले असेन तर रागवा, पण परकी करू नका.

तुमची
मुंगी


दि. ६ ऑगस्ट

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मशीन लावून लिहितोय. कागदावर पेनाचा आवाज होतो, हे मी पार विसरलो होतो. हेडक्लार्क माझ्या पाठीमागे मला काय म्हणतो तेही समजलं. तेव्हा संशय काही गेला नाही, फक्त योग्य माणसावर जाऊन बसला.

मुंगीचं पत्र सोबत पाठवतोय. ते वाचून झालं आणि मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या घरी गेलो. ती जिन्यात बसली होती. समजूत कशी घालायची ते सुचेना. खिशातून मशीन काढलं आणि तिच्यासमोर कानात घातलं. ते उलटं गेलं आणि जोरात शिट्टी वाजली. ती हसली. मी म्हटलं, हस खुशाल, मला याचीच भीती वाटत होती. सोमवारी ती आली. मग बाकीची आली. वर्ग मुंगीचा मुंगीला दिला.

साहेब येऊन गेले. त्यांना मी खिडकीबाहेर, नकाशाच्या अलीकडे उभं केलं आणि म्हटलं, आत जायचं नाही, इथूनच ऐका. त्यांना काय वाटलं देव जाणे. अनुदान राहतं की जातं ते कळायचंय. गेलं तरी त्या खोलीची किल्ली मुंगीकडेच राहील, मग ढोलमास्तर काहीही म्हणोत.

काल शाळा सुटल्यावर ती मुलगी माझ्या ऑफिसात आली. तिने स्वतःच दार लोटलं, खुर्चीशेजारी उभी राहिली आणि माझ्या कानाशी वाकून वाचायला लागली. अडखळली, मागे गेली, पुन्हा वाचलं. पान संपलं तसं पुस्तक मिटून हळूच म्हणाली, "सर, ऐकू आलं?"

ताई, मी नुसती मान हलवली.

तर म्हणते कशी, "असं नाही. मोठ्याने सांगा."

सांगितलं. स्टाफरूमपर्यंत गेलं असणार.

मुंगीवरचा राग काढून माझ्यावर ठेव. लोभ मात्र दोघांवर सारखा असू दे.

तुझा
धाकटा