बोट दिसली की चहा

प्रिय फिंटन,

तू सुखरूप पोचलास हे तुझ्या ईल्वाने फोनवर सांगितलं. तू स्वतः आला नाहीस फोनवर, आणि मीही तुला बोलाव म्हटलं नाही. बोलून तरी काय बोललो असतो? तू इथे होतास तेवढे दिवस आपण चर्चच्या हॉलमधून आणलेल्या खुर्च्या पुसल्या, कप परत केले, उरलेलं हॅम शेजारच्या स्टेशियाच्या कुत्र्याला घातलं. माझी पाठ धरली होती म्हणून खुर्च्या तूच उचलल्यास. बाबांबद्दल मात्र दोघांनीही अवाक्षर काढलं नाही. मला अजून रडू येत नाही रे. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल कसा होतो, तसं झालंय. चहा गरम आहे एवढं कळतं, चव कळत नाही. लोक माझ्याबद्दल म्हणतात, डिम्फना मोठी धीराची. धीर कसला आलाय, काही जाणवतच नाही.

दुपारी रेडिओवर समुद्राचं हवामान लागलं की मी अजून आवाज वाढवते. आयुष्यभर बोटीवरच्या स्वयंपाकघरात बटाटे सोललेला माणूस, घरी बसल्यावरही त्याचा जीव त्या हवामानातच असायचा. तुवा जन्मली आणि तू विमानाने जाणं-येणं सोडलंस, पोरीसाठी स्वच्छ हवा शिल्लक राहायला हवी म्हणून, तेव्हा आपलं सगळं रॉसलेअर गाव हसलं होतं. स्टेशिया म्हणाली, “स्वीडनला जाऊन तुझा पोरगा साधू झाला की गं.” एकटे बाबा खूश. म्हणायचे, विमानाने येणारा माणूस एकदम दारातच उगवतो, बोटीने येणारा आधी लांबून दिसतो. तू यायचास त्या दिवशी सकाळपासून दुर्बीण गळ्यात घालून किनाऱ्यावर उभे. बोट दिसली की मला फोन, “ठेव गं किटली, आला तुझा लेक.” बोट धक्क्याला लागून, तू उतरून, चढ चढून घरी येईपर्यंत चहा काळाकुट्ट व्हायचा. तुम्हा दोघांना तोच आवडायचा. मला कधी घशाखाली उतरला नाही.

ते गेले त्या दिवशी ईल्वाने किती शांतपणे विचारलं होतं, “अंत्यविधी कोणत्या आठवड्यात धरलाय?” तिचं काय चुकलं? तुमच्या स्वीडनमध्ये गेलेल्या माणसाला महिनाभर ठेवतात. आपल्याकडे दोन रात्री घरात, तिसऱ्या दिवशी सकाळी माती. तू लगेच आगगाडीत बसलास हे मला ठाऊक आहे. हॅम्बुर्गहून तुझा निरोप आला, मग पॅरिसहून, आणि मग चेरबर्गच्या बंदरावरून, वारा आहे, बोट सुटत नाही. फादरकडे मी एक दिवस मागून घेतला. आपल्या गावात असं कुणी केलेलं नाही, तरी त्यांनी दिला. तोवर तुझी बहीण नोरीन बॉस्टनहून अख्खा महासागर ओलांडून आली होती आणि तू फ्रान्समध्येच अडकलेला. येणारा जाणारा माझा हात हातात घेऊन “वाईट झालं गं” म्हणायचा आणि त्याची नजर माझ्या खांद्यावरून तुला शोधायची. स्टेशियाने सँडविच कापता कापता विचारलं, “पोहत येतोय का गं तो?” नोरीन तर फटकन म्हणाली, “त्याची हवा स्वच्छ राहिली ना, मग झालं.” वारा काही पडेना, आणि आणखी एक दिवस मागायला मला तोंड नव्हतं. तुझ्या जागी खांदा द्यायला स्टेशियाचा नवरा उभा राहिला. मला राग आला होता, फिंटन. तुझा आला, वाऱ्याचा आला, शवपेटीत पडून राहिलेल्या त्या माणसाचाही आला. मग तो रागही गेला, आणि तेव्हापासून काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी तुझी बोट आली. किनाऱ्यावर कुणी गेलं नव्हतं. तू एकदम दारातच उभा राहिलास, विमानाने आल्यासारखा, बूट भिजलेले, आणि मी किटली ठेवली नव्हती. तू चहा मागितलाही नाहीस. रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून सारखं तेच डोक्यात येतं. बाबांचा चेहराही येत नाही इतक्यांदा.

गेल्या सोमवारी वेक्सफर्डच्या इस्पितळात जाऊन आले. पाठ धरलीय म्हणत होते ना, ती पाठ नव्हतीच. स्वादुपिंडात गाठ आहे, आणि पसरली आहे. डॉक्टरीणबाई तरुण आहे बिचारी, कागदाकडे बघत बोलली, ईस्टर बघाल, त्यानंतरच्या उन्हाळ्याचं सांगता येत नाही. मी बरं म्हटलं आणि बस पकडून घरी आले, वाटेत ब्रेडसुद्धा घेतला. नोरीनला अजून कळवलेलं नाही. तिला आज सांगितलं तर उद्या सकाळी दारात असेल, तिला कळवायला वेळ आहे. तुला मात्र वाटेतच तीन दिवस लागतात, वारा सुटला तर किती ते देव जाणे, म्हणून तुला आधी. विमानाने ये असं मी म्हणणार नाही. ज्या गोष्टीचं बाबांना एवढं कौतुक होतं, ती मी मोडायला लावू कशी? रेडिओवाला वारा पडल्याचं सांगेल तेव्हा मी कळवीन, लगेच नीघ, तुवालाही घेऊन ये. दुर्बीण मी वरच्या खिडकीत आणून ठेवली आहे, तिथून बंदर दिसतं. मातीला धावत येऊ नकोस, बाळा. चहाला ये.

तुझीच,
आई