कावळ्याची साक्ष ग्राह्य धरू नये

मी, हेमचंद्र विनायक नेवासकर, नगरच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त, राहणार नेवासे, पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टर तसे म्हणतात आणि मी स्वतः पडताळूनही पाहिले आहे. कोणाच्या दबावाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहीत आहे. दबाव भरपूर आहे.

१. नेवाशाचे घर मी माझ्या पगारातून बांधले, ते वडिलोपार्जित नाही. ते मुलगी नीलांबरी हिला मिळावे. ती सासर सोडून आली आहे आणि तिला दुसरा आसरा नाही.

२. वरील कलमाला धोका कोर्टाचा नाही, कावळ्याचा आहे. पत्नी अंबिका गेल्या वर्षी दुष्काळात वारली. दहाव्याला प्रवरेकाठी पिंडाला कावळा शिवेना. तेव्हा माझा धाकटा भाऊ शामकांत पुढे होऊन म्हणाला, "वहिनी, घर घराण्याबाहेर जाणार नाही, काळजी करू नका." हात जोडून तो मागे सरला आणि कावळा शिवला. तेव्हापासून सारे गाव म्हणते, अंबिकेची तीच इच्छा अडली होती. नीलांबरीही तेच मानते आणि घर नको म्हणते. हे मला सहन होत नाही.

३. एकामागून एक घडले म्हणजे पहिल्यामुळे दुसरे घडले असे नव्हे, हे मी जन्मभर शिकवले. माणसाचे मन मात्र सवयीने दोन्हींची गाठ मारते. म्हणून मी गच्चीवर भाताचे गोळे ठेवून पाहिले. शामकांतचे वाक्य म्हटले, त्याच्या उलट म्हटले, सतराचा पाढाही म्हटला. मी जिन्यापर्यंत मागे सरलो की कावळा येई. शेजाऱ्यांना वाटले, मास्तरांचे डोके फिरले. पण अंबिकेच्या मनात खरोखर काय होते, ते कोणत्याच प्रयोगाने कळत नाही. त्या विचाराने मला झोप लागत नाही.

४. सायकल शेजारच्या बन्सीला द्यावी. तर्कशास्त्राची पुस्तके शामकांतला. तो वाचणार नाही, तरी त्याच्या घरात असू द्यावीत.

५. माझ्या पिंडाला कावळा शिवला नाही, तर कोणीही काहीही कबूल करू नये. दर्भाचा कावळा करून शिववावा आणि घरी जेवायला जावे. नीलांबरी, एवढ्यानेही तुझे मन मानले नाही, तर ऐक. तू घर सोडलेस तर माझी इच्छा अपुरी राहील. हे मला सिद्ध करता येत नाही. तरी मान.

नेवासे, ता. ९ डिसेंबर १९७३
सही: हे. वि. नेवासकर

साक्षीदार:
बन्सी छगन गायके. मास्तरांनी माझ्यासमोर सही केली.
शामकांत विनायक नेवासकर. दादांनी माझ्यासमोर सही केली. पण कावळा शिवला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.