भोंग्याची तार

सोमवार, ता. ६ ऑगस्ट १९७३. कामथडी

"वेल्ह्याच्या डोंगरातल्या मायबहिणींनो, आणि त्यांना झोळीत घालून दवाखान्याकडे पळणाऱ्या भावांनो, आपल्या बाळंतिणीच्या वाट्याला अजून एक बांबू आणि एक घोंगडी एवढंच वाहन आहे. एस.टी. यायची तेव्हा येते. कळा तिच्यासाठी थांबत नाहीत."

येत्या रविवारच्या सभेसाठी एवढं लिहिलं. सुरुवात जमली. पुढे बाळंतिणींना दवाखान्यात नेणाऱ्या आपल्या मंडळाच्या गाडीचा विषय यायला हवा, आणि तिथं हात अडतो. गाडी माझ्या अंगणात उभी. चालवायला माणूस नाही.

झालं ते लिहून ठेवतो. परवा शनिवारी गाडीचा ड्रायव्हर नामदेव वेल्ह्याकडून कळा लागलेल्या तानूबाईला घेऊन भोरला निघाला. वाटेत आंबवण्याजवळ डॅशबोर्डाखालून धूर. वायपर बंद, हॉर्न बंद, आणि पाऊस असा की पुढचा बैल दिसेना. खिडकीतून डोकं बाहेर काढून, माणसाच्या चालीनं, त्यानं गाडी नसरापूरपर्यंत आणली. भोर लांबच राहिलं. बाळ गाडीतच झालं. मुलगी. दोघी सुखरूप.

काल विहारात सगळ्यांसमोर बोललो. "निष्काळजी माणसाच्या हाती आपण आपल्या लेकी सोपवल्या." नामदेव उठला, किल्ली माझ्यापुढे ठेवली. "घ्या गुरुजी." एवढंच बोलून आपल्या गावाच्या, वरव्याच्या वाटेला लागला.

बोललो त्यात चुकीचं काही नव्हतं. गाडी एक, आणि तिच्यावर अवलंबून माणसं किती.

मंगळवार, ७

शाळा सुटल्यावर गाडी उघडली. वाचनालयातलं मोटारीचं पुस्तक मांडीवर. सौ. दारातून: "आता गाडीला बी शिकिवनार व्हय?"

आधी बॅटरीची तार सोडवली. मग डॅशबोर्डाखाली हात घातला. फ्यूजचा होल्डर बॅकेलाइटचा, काळा पडलेला. ओढताच तुकडे हातात आले. आत काचेचा फ्यूज नाहीच. त्याच्या जागी तांब्याची जाड तार, दुहेरी पिळलेली, वर लाल वेष्टन, अर्धं जळलेलं.

पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. वीज गरजेपेक्षा जास्त धावली की फ्यूजने वितळून तुटायचं आणि बाकीचं वाचवायचं. खरा फ्यूज असता तर पाच मिनिटांत बदलून गाडी पुढे गेली असती. ही तार तुटेना, म्हणून होल्डर जळाला.

म्हणजे पुरावा मिळाला. तार कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवली. रविवारी सगळ्यांसमोर मांडीन. जेवताना बरं वाटत होतं, हेही लिहून ठेवतो.

बुधवार, ८

अर्धी रजा टाकून भोर. बॅटरीवाल्याकडे होल्डर मिळाला, फ्यूज चार. तो म्हणाला, "गुरुजी, हे काम नामदेव करील की अर्ध्या तासात." मी विषय बदलला.

परतलो तर मार्गासनीकडून निरोप येऊन पडलेला. वरच्या वस्तीवरच्या सुनेला नववा भरलाय, आठवड्यात कधीही. गाडी तयार ठेवा.

गाडी मी तयार करीन. चालवता मला येत नाही. एस.टी.चे ड्रायव्हर आपल्या फेऱ्या सोडून येणार नाहीत. किकवीत एकजण आहे, पण तो संध्याकाळनंतर शुद्धीत...

गुरुवार, ९

होल्डर बसवला. फ्यूज घातला. हॉर्न दाबला. निम्मा आवाज, मग गप्प. फ्यूज उडालेला. दुसरा घातला, तोही गेला. पुस्तक तीनदा वाचलं.

एवढ्यात किकवीचा बबन भोंगेवाला रविवारच्या सभेला लाउडस्पीकर कधी लावायचा ते विचारायला आला. म्हटलं, बरा आलास, बघ आमच्या ड्रायव्हरचे प्रताप. खणातून तार काढून त्याच्यासमोर धरली, कोर्टात धरावी तशी.

बबन हसला. "आवो, ही माझीच की. भोंग्याची. लाल तार हितं माझ्याबिगर कुनाकडं हाय?"

"मग ती गाडीत कशी?"

"वेल्ह्याच्या सभेत. फ्यूज सारका उडत व्हता, इसरला?"

"म्हणजे तू घातलीस."

"म्या तार कापून दिली. घातली नामदेवानं." बबन आढ्याकडे बघायला लागला. "पन घालाया लावली कुनी, ते तुमीच आटवा. मला तुमची समदी भाषनं पाठ हायेत गुरुजी. भोंगा माझा न्हवं का."

तो गेल्यावर तार पुन्हा कागदात गुंडाळली.

आठवलं. आठवायला लागलं नाही, खरं तर. गेल्या महिन्यातली गोष्ट. त्या मैदानावर वीज नव्हती, म्हणून भोंगा गाडीच्या बॅटरीवर, जोडणी फ्यूजच्या होल्डरमधून. ऐन भाषणात आवाज दोनदा गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा नामदेव व्यासपीठाच्या कडेला आला. "गुरुजी, फ्यूज संपले. जाड तार घातली तर गाडीला धोका हाय." आणि मी त्याला उत्तर न देता लोकांना दिलं: "माणसं जागी होतायत, आणि आमच्या नामदेवरावांना काळजी गाडीची!" लोक हसले, टाळ्या पडल्या. तो खाली मान घालून गेला. आवाज आला. मी पुढे आणखी तासभर बोललो.

दुसऱ्या दिवशी तो घरीही आला होता. ती तार काढून नवे फ्यूज आणूया, होल्डर तापतोय, म्हणाला. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू.

ते टाळ्यांचं वाक्य मी त्या दिवशी घरी येऊन सौ.ला पुन्हा म्हणून दाखवलं होतं.

शुक्रवार, १०

फ्यूज का उडतात ते सापडलं. होल्डरमागे जिथं तार पत्र्यातल्या भोकातून जाते, तिथं वेष्टन घासून आणि वितळून गेलंय. बोटभर तांबं उघडं, पत्र्याला टेकलेलं. शनिवारचा धूर इथूनच. तेवढा तुकडा कापला, नवा जोडला, वर टेप. भोकात सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर बसवलं. पाठ मोडली.

फ्यूज उरले दोन. एक घातला. हॉर्न वाजला, वायपर फिरला. मी पुन्हा वाजवला.

सौ.: "वाजला, कळलं गावाला. आता थांबा." मग पदराला हात पुसत शेजारी येऊन उभी राहिली. "नामदेवभावजी त्या दिवशी विहारात का बोललं न्हाईत, ठावं हाय का?"

"का?"

"तुमी मधी थांबता कुठं, बोलायला?"

उत्तर सुचलं होतं. चांगलं होतं. दिलं नाही.

शनिवार, ११

सकाळची शाळा करून वरव्याला चालत गेलो. नामदेव भातात, निंदणी चाललेली. मला पाहून बांधावर आला, पाय न धुता उभा राहिला. वाटेत जुळवलेली वाक्यं तिथं उपयोगाची वाटली नाहीत. म्हटलं, तार माझ्या भाषणासाठी होती, तू नको म्हणाला होतास, आणि दोष मी तुला दिला. उद्या सभेत हे सांगणार आहे.

त्यानं हातातलं खुरपं बांधावर टेकवलं. मग विचारलं, "होल्डर कुठून आनला?"

"भोरहून."

"पत्र्याच्या भोकात रबर घातलं का?"

"घातलं."

"ते बरं केलं." मग पायाचा चिखल गवताला पुसत: "तानूबाईची पोरगी कशी हाय?"

मला माहीत नव्हतं. आठवडाभर मी गाडीची चौकशी केली होती. त्यालाच माहीत होतं. दूध पिते, म्हणाला.

मार्गासनीचा निरोप सांगितला. "उद्या येशील?"

"निंदनी हाय गुरुजी. बगू."

त्याचा सदरा बांधावर घडी करून ठेवलेला. किल्ली त्यावर ठेवली. घेतोय का ते पाहायला थांबलो नाही.

घरी येऊन सोमवारचा कागद पुढे घेतला. पहिली तीन वाक्यं ठेवली, ती खरी आहेत. त्यापुढे हे:

"गेल्या रविवारी विहारात मी एका माणसाला निष्काळजी म्हटलं. गाडीतली तार माझा आवाज चालू राहावा म्हणून घातलेली होती. नामदेव नको म्हणत होता, तेव्हा मी त्याच्यावर विनोद केला आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. त्या तारेपायी तानूबाई रस्त्यात बाळंत झाली. म्हणून आज तुमच्याकडे एकच काम मागतो. मी बोलत असताना गाडीपाशी उभा असलेला माणूस हात वर करील, तेव्हा तुमच्यातल्या कुणीही उठा आणि भोंग्याची तार उपटा. माझं वाक्य पुरं व्हायची वाट पाहू नका."