पहिल्या कॉर्नेटचा कागद

मी, शेख ताहेर शेख महबूब, वय ७२, धंदा बँडमास्तर, राहणार उदगीर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. अर्धांगवायूने डावा हात गेला, पण डोकं आणि उजवा हात शाबूत आहेत. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझी पत्नी वहिदा हिला तो पटलेला नाही. तिला माझ्या डोक्याबद्दल लग्नापासूनच शंका आहे.

१. राहतं घर आणि बाकी जे काही निघेल ते शरियतप्रमाणे वहिदा, मुलगा अकरम आणि मुलगी लायबा यांच्यात वाटलं जावं. त्यात मी ढवळाढवळ करत नाही. खाली फक्त वाद्यांची आणि कागदांची सोय लावतो.

२. माझी क्लॅरिनेट आमच्या बँडमधल्या रविकांतला द्यावी. २०१२ साली भर मंचावर तो हसला होता, हे मी विसरलेलो नाही. पण तिच्यात फुंकर घालावी अशी त्याच्याइतकी कोणाची लायकी नाही, नाइलाज आहे.

३. मोठा ढोल बँडकडेच राहावा. रामलिंगचा त्यावर चाळीस वर्षं डोळा आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असं वकीलसाहेब म्हणाले, म्हणून मुद्दाम त्यालाच साक्षीदार केलं. वाजवायचा मात्र त्यानेच.

४. कॉर्नेट, म्हणजे आमचा आखूड ट्रम्पेट, अकरमला. वहिदा आणि लायबाने याला हरकत घेऊ नये. कारण लिहिणं भाग आहे.

आम्ही वरातीपुढे चालत वाजवणारी माणसं. २०१२ साली एका शाळेने सुवर्णमहोत्सवाला आम्हाला खुर्च्यांवर बसून वाजवायला बोलावलं. हैदराबादच्या एका निवृत्त लष्करी बँडमास्तरांनी मला मोठ्या ऑर्केस्ट्राचा, समारंभात वाजवायचा एक मार्च, संचलनाची धून, दिला होता. दोन वर्षं खपून तो मी आमच्या एकोणीस जणांसाठी उतरवला होता. मधली संथ चाल मुळात व्हायोलिनची. आमच्याकडे व्हायोलिन कुठलं? ती क्लॅरिनेटला दिली होती, पण कार्यक्रमाच्या सकाळी मला वाटलं, अकरमने एकट्याने वाजवावी. घाईघाईत त्याचा सुरांचा कागद लिहून हाती दिला. तालमीला वेळ नव्हता.

चाल सुरू झाली आणि सगळं बेसूर झालं. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. मी पुढे होऊन सव्वीस वर्षांच्या मुलाच्या थोबाडीत मारली.

"अब्बा, कागदात हाय तेच वाजवलो की मी."

"मला कागद शिकवतो? ऊठ!"

तो उठला, कॉर्नेट खुर्चीवर ठेवलं आणि गेला. देगलूरला टायरचं दुकान टाकलं. कॉर्नेटला पुन्हा ओठ लावला नाही. ईदला येतो, आईजवळ बसतो, मला सलाम करतो आणि जातो.

या उन्हाळ्यात मी अंथरुणावर होतो. लायबाने पेटीतले जुने कागद काढून दिले, तेव्हा तो कागद मी पहिल्यांदा नीट पाहिला. कॉर्नेट लिहिल्यापेक्षा एक सूर खाली वाजतं, म्हणून त्याचा कागद एक सूर चढवून लिहावा लागतो. हे मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवत आलो. त्या सकाळी मीच विसरलो. व्हायोलिनची चाल न चढवता होती तशीच लिहून काढली. माझा मुलगा बरोबर वाजवत होता.

मी त्याला फोन लावला. "हां अब्बा, बोला," तो म्हणाला. मी "चुकून लागला" म्हणून ठेवला. असं दोनदा झालं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. स्वतःची सांगायची तर तोंड उघडत नाही.

५. जनाज्याला बाजा नको, आमच्यात चालत नाही. चाळिसावा झाल्यावर बँडने आमच्या अंगणात खुर्च्या मांडाव्यात आणि हा मार्च वाजवावा. पहिल्या कॉर्नेटच्या खुर्चीवर अकरमशिवाय कोणी बसू नये. तो आला नाही तर खुर्च्या उचलाव्यात. त्याला कोणी बोल लावू नये.

६. अकरमचा कागद मी दुरुस्त केलेला नाही. त्यातली एक खूणही बदललेली नाही. बाकी अठरा जणांचा तो भाग एक सूर उतरवून नव्याने लिहिला आहे. बेटा, तेव्हा वाजवलंस तेच वाजव. आता सगळे तुझ्या सुरात येतील.

ठिकाण: उदगीर
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५
सही: शेख ताहेर शेख महबूब

साक्षीदार:
१. मन्मथ हुडगे, शेजारी.
२. रामलिंग बिरादार, ढोलवादक. मास्तरांनी सगळं स्वतः वाचून माझ्यासमोर सही केली. त्या दिवशी मीही मंचावर होतो आणि गप्प बसलो होतो.