जीपची किल्ली खुंटीवर आहे

धाकट्या,

तुझी कार मी नेतोय. जीप तू वापर. "दादा, डोळे झाकून घे, डोंगर चढलेली गाडी आहे, रोजच्या रस्त्याला काय घाबरणार?" असं म्हणून तूच ती माझ्या गळ्यात मारलीस. भावाची गाडी म्हणून मी खाली वाकून पाहिलं नाही. काल तुझ्या वहिनीला दवाखान्यात नेताना ती चढावर बंद पडली. आजारी बाई तासभर उन्हात बसून राहिली. मेकॅनिकने खालचा ताजा काळा रंग खरवडला, तर मूठमूठ गंज निघाला.

उद्या तुझ्या सासूबाईंना आणायला तू जीप घेऊन येणार, असं मी त्यांना फोनवर सांगितलंय. खूश झाल्या. गाडी उतारावरच उभी कर, म्हणजे ढकलताना त्यांना त्रास होणार नाही.

दादा